काटा कुठल्या दाराशी

बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर पहिल्याच दिवशी धाकट्या बाईंच्या टेबलावर जी फाइल येऊन पडली, ती धुण्याची होती.

नगरपालिकेच्या खरेदी खात्यात पूर्वी आणखी एक बाई होत्या, वयाने मोठ्या, म्हणून हिला सगळे धाकट्या बाई म्हणू लागले. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, हिच्या मांडीवर मूल आलं, पण खात्यात ही धाकटीच राहिली. नोकरीत कायम झाल्याचा कागद तेवढा अजून हातात पडायचा होता. तो साहेबांच्या टेबलावर होता आणि या वर्षी निघेल असं सगळे म्हणत होते.

फाइल प्रसूतिगृहाची होती. तिथल्या चादरी, बाळंतिणींचे गाऊन आणि बाळांची दुपटी बाहेर धुवायला जायची. एकोणीस वर्षं एकाच धुलाईघरात जात होती. दरवर्षी एक पत्र यायचं, भाव थोडा वाढवून मागितलेला असायचा, आणि दरवर्षी 'मागीलप्रमाणे पुढे चालू' असा शेरा पडायचा. यंदा मात्र हिशेब तपासणाऱ्यांनी लाल शाईने विचारलं होतं, एकोणीस वर्षांत एकदाही निविदा का मागवली नाही?

"आता याला काय उत्तर द्यायचं?" शेजारच्या टेबलावरचे शिक्केकाका म्हणाले. त्यांच्या हातात कायम शिक्का असायचा. चहाचा कप धरलेला असला तरी दुसऱ्या हातात शिक्का. "काम सुरळीत चाललंय. चादर वेळेवर येते, एक तक्रार नाही. कशाला उगाच खाजवून खरूज काढायची?"

"सुरळीत चाललंय हे आपल्याला माहीत आहे, काका. पण भाव बरोबर आहे का, हे कोणाला माहीत आहे?"

"धुलाईवाल्या मावशींना."

"तेच तर म्हणतेय मी."

काका हसले, पण ती हसली नाही. तिचे वडील पाट्या रंगवायचे. अक्षर असं वळणदार की लोक दुकानात शिरायचं विसरून पाटीच बघत उभे राहत. ती लहान असताना ते नमुन्यांची वही काखेत मारून सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे आणि प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर घेऊन यायचे, 'आमचा माणूस ठरलेला आहे.' तुझा भाव काय, एवढंसुद्धा त्यांना कोणी कधी विचारलं नाही. त्या ठरलेल्या माणसाचं काम वाईट असेल असं नाही. चांगलंही असेल. पण दार उघडलंच नाही तर बाहेर कोण उभं आहे ते कळणार कसं?

तिने टिपणी लिहिली, निविदा मागवाव्यात.

साहेबांनी वाचून मान डोलावली. "छान. मग अटींचा मसुदाही तुम्हीच करा. सोमवारी सकाळी द्या."

सोमवारच्या आधी रविवार असतो, आणि रविवारी दुपारी छकुली मांडीवरच झोपते. मांडी हलली की डोळे उघडतात, डोळे उघडले की घर डोक्यावर. त्यामुळे मसुदा एका हाताने झाला. तिने दुसऱ्या एका शहराची धुलाईची निविदा शोधून समोर घेतली आणि त्यांचं नाव काढून आपलं घातलं, त्यांच्या तारखा काढून आपल्या घातल्या. अट क्रमांक सात अशी होती: 'कपडे रुग्णालयातून उचलतेवेळी वजन केले जाईल व त्या वजनावर देयक निघेल.' तिने वाचली. बरी वाटली. शिस्तीची वाटली. तेवढ्यात छकुलीने झोपेत ओठ मुडपले, आता रडणार की हसणार अशा बेतात, आणि ती श्वास रोखून बघत राहिली. छकुली हसली. ती आठव्या अटीवर गेली.

जाहिरात निघाल्यावर मावशी खात्यात आल्या. उंच, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, बोटांची टोकं पाण्याने कायमची पांढरी पडलेली. आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"तू होय निविदेवाली? ओळखते मी तुला. खिडकीजवळची खाट. मुलगी झाली. दोन रात्री रडून रडून तिने सगळा वॉर्ड जागा ठेवला होता."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मेट्रननी सांगितलं. चादरी द्यायला रोज येते मी, डोळे मिटून येत नाही." मग त्या जरा पुढे झुकल्या. "दुपट्याच्या कोपऱ्यात निळा टाका होता ना?"

होता. ते दुपटं तिला चांगलंच आठवत होतं. किती वेळा धुतलं गेलं असेल कोण जाणे, सायीसारखं मऊ झालेलं, आणि त्याला कसलाच वास नव्हता. त्यामुळे त्यात गुंडाळलेल्या लेकीचा वास तिला पहिल्या दिवसापासून स्वच्छ कळला होता.

"तो टाका माझा. निळा टाका असला की ते बाळाचं. वेगळ्या टाकीत पडतं, चादरींना शिवत नाही. साबण थोडा आणि तीनदा खळबळून काढायचं. हे सासूबाईंनी लावलं, आठ वर्षं त्यांनी केलं, पुढे मी." मावशींनी टेबलावरचा अर्ज पुढे ओढला. "म्हणजे आता माझी परीक्षा घेणार तुम्ही?"

"परीक्षा नाही, मावशी. ज्याला काम हवंय त्याने आपला भाव लिहायचा. तुम्हीही लिहायचा."

"आणि नाही जमलं तर?"

गोड काहीतरी बोलावं असं तिला वाटलं. बोलली नाही. "तर काम दुसऱ्याकडे जाईल."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पाच बायका आहोत आम्ही त्या धुलाईघरात. दुसरं गिऱ्हाईक नाही, कारण तुमच्या कामातून कधी मान वर करायला फुरसत मिळाली नाही. पण स्पष्ट बोलतेस हे बरं. केसाने गळा कापण्यापेक्षा परवडलं."

"अर्ज नीट वाचा. काही कळलं नाही तर लेखी विचारा. एकाला उत्तर दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं, म्हणून लेखी."

"विचारायचं काय त्यात? धुणं कळतं मला," म्हणत मावशींनी अर्जाची घडी घातली. चादरीसारखी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

लिफाफे उघडले तेव्हा तीन निघाले. एकावर सहीच नव्हती, तो बाद झाला. दुसरा मावशींचा, गेल्या वर्षीचाच भाव, एका पैशाचीही वाढ नाही. तिसरा यंत्रावर धुणाऱ्या एका कंपनीचा. मावशींचे शंभर धरले तर त्यांचे ऐंशी.

मावशी भिंतीशी बसल्या होत्या. आकडा ऐकून त्यांनी फक्त बाही आणखी एक घडी वर केली, जणू आता कामालाच लागायचं आहे, आणि कोणाशी न बोलता निघून गेल्या.

"बघा," शिक्केकाका म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तुमचंच बरोबर निघालं. इतकी वर्षं जास्त पैसे जात होते."

बरोबर निघालं, आणि तरी ती मावशी गेल्या त्या दाराकडे बघत राहिली.

निर्णयाआधी दोन्ही जागा पाहून यायचा नियम होता. ती आधी कंपनीत गेली. नाक मुरडायला जागा शोधत गेली होती, हे खरं. सापडली नाही. यंत्रं माणसाच्या उंचीची, फरशी कोरडी, पाणी उकळतं. चादरींवर डागाचं नाव नाही. व्यवस्थापक तरुण होता, अदबीने बोलत होता.

"बाळांची दुपटी वेगळी धुता?" तिने विचारलं.

"नाही, ताई. सगळं एकत्रच. एवढ्या गरम पाण्यात जंतू राहतोय कुठला? शेवटी सुगंधी द्रव घालतो, छान वास येतो."

"आणि वेगळी धुवा म्हटलं तर?"

"तर वेगळी धुवू. अटींत नव्हतं, म्हणून भावात धरलं नाही. अटींत लिहा, धरू." तो हसला. "मला कुठून कळणार तुम्हाला काय हवंय ते?"

त्याचं काय चुकलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मावशींच्या धुलाईघरात गेली. ओली फरशी, मोठ्या टाक्या, कोपऱ्यात एकटी लहान टाकी. दोघीजणी एक चादर दोन टोकांना धरून पिळत होत्या आणि तिसरी त्यांना हसत होती, कारण पाणी तिच्याच पायावर पडत होतं. नुकतंच वॉर्डातून आलेलं गाठोडं दाराशी पडलं होतं. रक्ताने, दुधाने, सांडलेल्या पाण्याने जड झालेलं. ती वजनाचा काटा शोधू लागली. दाराशी नव्हता. होता तो पार पलीकडे, मागच्या दाराशी, इस्त्रीच्या टेबलाजवळ.

"मावशी, काटा तिकडे का?"

"मग कुठे ठेवू?"

"इथे, येणाऱ्या गाठोड्यांजवळ."

मावशींनी कमरेवर हात ठेवले. "का गं? घाणीचं वजन करू? पाण्याचे पैसे घेऊ? कापड जेवढं तेवढेच पैसे. धुऊन, वाळवून, घडी करून मग काट्यावर. सासूबाईंच्या काळापासून असंच आहे. दुसरीकडे वेगळं असतं की काय?"

अट क्रमांक सात. उचलतेवेळी. मावशींनी भाव लिहिला तो कोरड्या कापडाचा, कारण दुसरंही काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. अर्ज त्यांच्या सुनेने वाचून दाखवला होता, तोही आकडे भरायचे होते तेवढाच. कंपनीने भाव लिहिला तो ओल्या गाठोड्याचा, कारण अटीत तसं लिहिलं होतं. आणि अट लिहिली होती तिने, एका हाताने, लेकीच्या ओठांकडे बघत.

"हे गाठोडं जरा काट्यावर ठेवू द्या."

"हे? माझ्या स्वच्छ काट्यावर?"

"मी पुसून देते."

"तू काय पुसणार! पण का ते सांग."

"सांगता येत नाही, मावशी. सांगितलं तर कंपनीलाही सांगावं लागेल."

मावशी पुटपुटत बाजूला झाल्या. गाठोडं बासष्ट किलो भरलं. संध्याकाळी पाचला ती परत आली, तेव्हा तेच गाठोडं घड्या होऊन पलीकडे रचलेलं होतं. त्रेचाळीस. तिने तिथेच उभ्या उभ्या गुणाकार केला, दोनदा केला. ऐंशीचा स्वस्त भाव शंभराच्या महाग भावापेक्षा महाग पडत होता. आणि चादर जितकी ओली, तितका जास्तच.

शिक्केकाकांना सांगितलं तेव्हा त्यांनी शिक्का खाली ठेवला. असं क्वचितच व्हायचं.

"कोणी पाहिलंय का हे?"

"मी पाहिलंय."

"तुम्ही सोडून म्हणतोय मी. हे बघा, 'प्रशासकीय कारणास्तव निविदा रद्द.' संपलं. या शब्दांत हत्ती लपतो. पुन्हा जाहिरात काढा, नवी अट घाला, कोणी विचारणार नाही. कायम व्हायचंय ना तुम्हाला या वर्षी?"

घरी आली तेव्हा सासूबाई छकुलीला भरवत होत्या. त्यातलं निम्मं छकुलीच्या पोटात जात होतं, निम्मं कोपरापर्यंत. तिने बाळाचे कपडे भिजत घातले आणि मोरीतूनच सगळं सांगितलं.

"चुकलं तर चुकलं म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं? परवा दूध उतू गेलं तेव्हा मी सांगितलंच ना?"

"नाही, आई. तुम्ही मांजराने सांडलं म्हणालात."

सासूबाईंनी छकुलीचं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "हो गं. आणि तुझ्या नवऱ्याने त्या बिचाऱ्याला दोन दिवस घरात घेतलं नाही."

दोघी हसल्या. छकुलीही हसली, तिला कारण लागत नाही. हातातलं झबलं पिळताना तिला वाटलं, 'प्रशासकीय कारण' म्हणजे आमच्या खात्याचं मांजर. आणि निविदाच बिनकारणाची रद्द झाली, तर उद्या मावशींना वाटेल की कंपनीने काही केलं, कंपनीला वाटेल की मावशींची कोणाशी ओळख आहे. आपल्या वडिलांना आयुष्यभर असंच काहीतरी वाटत राहिलं. खरं कारण त्यांना कोणी सांगितलंच नाही.

सकाळी तिने टिपणी लिहिली. बासष्ट आणि त्रेचाळीस लिहिले, सातवी अट लिहिली आणि शेवटी लिहिलं, 'मसुदा करताना ही चूक माझ्याकडून झाली आहे. कोणत्याही निविदाधारकाचा यात दोष नाही.'

साहेबांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. "हे शेवटचं काढता येईल."

"राहू द्या, साहेब."

"तुमचा कागद माझ्याच टेबलावर आहे."

"माहीत आहे."

साहेबांनी सही केली. "तो आता लगेच नाही निघायचा. वर पाठवताना हा शेरा सोबत जोडावा लागेल. तीन महिने तरी."

"चालेल," ती म्हणाली. खरं तर चालण्यासारखं नव्हतं. घर दोघांच्या पगारात जेमतेम बसत होतं आणि कायम झाल्यावर छकुलीला पाळणाघरात ठेवायचं ठरलं होतं. म्हणजे आणखी तीन महिने छकुली सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांवर. पण बोलून झालं होतं.

या वेळी तिने अटी कोणाकडून उतरवून घेतल्या नाहीत. सगळ्यांना उघडपणे बोलावलं, अट वाचायची, समजावायची, विचारेल त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. कंपनीचा व्यवस्थापक आला, मावशी सुनेला घेऊन आल्या, आणखी दोघे नवे आले. तिने सातवी अट वाचली: वजन कपडे धुऊन, वाळवून, परत देताना, वॉर्डाच्या दारात, मेट्रनसमोर. आठवी: दुपटी वेगळी मोजायची, नगावर. वेगळ्या पाण्यात, तीनदा खळबळून, कसल्याही वासाशिवाय. चादरी आणि गाऊनांचं काम वेगळं, दुपट्यांचं वेगळं, ज्याला जे हवं त्याने त्याचा भाव लिहावा.

मावशी हळूच उभ्या राहिल्या. प्रश्न विचारायला उभं राहण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी.

"म्हणजे आधीच्या कागदात पाण्याचेही पैसे मिळणार होते?"

"हो, मावशी."

"आणि मी ते न घेताच भाव लिहिला?"

"हो."

मावशी सुनेकडे वळल्या. "काय गं, शाळेत शिकलीस ना तू?" सगळे हसले, सूनही. व्यवस्थापकसुद्धा हसत म्हणाला, "मावशी, तुम्ही वाचलं असतंत तर मी पडलोच असतो." आणि मावशी त्याला म्हणाल्या, "पडशील. आता वाचून लिहिणार आहे."

लिफाफे उघडले. चादरी आणि गाऊन कंपनीला गेले, थोड्याच फरकाने, पण गेले. यंत्राशी मनगटाने किती झुंजायचं? दुपटी मावशींना मिळाली, त्यात त्यांच्या जवळपासही कोणी आलं नाही. शहराचा खर्च पहिल्यापेक्षा उतरला. साहेबांनी फाइलवर समाधानाचा शेरा मारला आणि शिक्केकाकांनी त्यावर शिक्का.

मावशी मात्र त्या दिवशी तिच्याशी बोलल्या नाहीत. पुढेही नाहीत. एकदा रस्त्यात दिसल्या तेव्हा तिनेच हात वर केला. मावशींनी मान हलवली, तेवढीच. पाच बायकांतल्या दोघी कंपनीत लागल्याचं तिच्या कानावर आलं. उरलेल्या तिघींनी शेजारच्या दोन दवाखान्यांत जाऊन विचारलं, तुमची दुपटी कोण धुतं? हेही कानावर आलं. त्याचं पुढे काय झालं ते तिने कोणाला विचारलं नाही. आपण केलं ते बरोबर होतं असं तिला वाटायचं, आणि तरीही चादरींचं गाठोडं कुठे दिसलं की ती दुसरीकडे बघायची.

छकुली वर्षाची झाल्यावर लस द्यायला ती प्रसूतिगृहात गेली. सुई टोचली, रडून झालं. छकुलीला खांद्यावर थोपटत ती वॉर्डासमोरून चालली होती, तर दारात काटा. नवा, मोठा. कंपनीचा गाडीवाला कोरड्या चादरींची थप्पी त्यावर ठेवत होता आणि मेट्रन चष्म्याखालून आकडा बघत होत्या. त्याच्या मागे, आपली पाळी येण्याची वाट बघत, दुपट्यांचा गठ्ठा छातीशी धरून मावशी उभ्या होत्या.

मावशीच पुढे आल्या, छकुलीच्या झबल्याचा काठ दोन पांढऱ्या बोटांत धरला, चोळला, नाकाशी नेला.

"किती साबण घालतेस गं?"

"थोडाच घालते, मावशी."

"थोडाच! फेस राहिलाय यात. मानेवर पुरळ उठतं ना तिच्या?"

उठत होतं.

"उठणारच. दुसऱ्यांना तीनदा खळबळायला लावतेस, कागदावर लिहून, आणि घरी?"

"घरी दोनदा," ती कबूल झाली.

"का?"

"वेळ मिळत नाही."

मावशींनी तोंड वाकडं केलं. मग गठ्ठा एका हातावर घेतला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने छकुलीचे गाल पुसले. रडून ओले झाले होते. "रविवारी धुलाईघरात ये. कपडे घेऊन ये. मी धुऊन देणार नाही, तुम्हा खात्यातल्या लोकांना फुकटचं चालत नाही. पण पाणी कसं काढायचं ते दाखवते. शिकून जा."

"येते," ती म्हणाली.

"पुढे या, मावशी," मेट्रनने हाक मारली. गाडीवाला बाजूला झाला होता. मावशींनी गठ्ठा टेबलावर ठेवला, आणि मेट्रन एकेक निळा टाका मोजू लागल्या.